सर्व्हर कोणता घ्यायचा ते मागाहून, तो किती तास बंद पडलेला चालेल ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की दारव्हा तालुक्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, 400 च्या वर सभासद, सगळं कामकाज एका मोठ्या कंपनीच्या फुकटच्या खात्यावर, आणि ऐन सोयाबीन खरेदीत ते खातं बंद झालं. काट्याची शीट (कोणाचा माल किती भरला ती एक्सेलसारखी नोंद), सातबारे, पासबुकाच्या प्रती, कार्यक्रमांचे फोटो, सगळं आत अडकलं. अपील केलं तर मशीननं लिहिलेलं उत्तर आलं आणि बोलायला माणूस कुठंच नाही. आता संचालक मंडळ म्हणते 25 हजार रुपये घ्या आणि आपला स्वतःचा सर्व्हर, म्हणजे फाइली ठेवून सगळ्यांना उघडून देणारं सदा चालू मशीन, बसवा, तर कोणता घ्यावा.

मी आर्वी तालुक्यात राहतो, 2013 पासून घरी सर्व्हर चालवून राहिलो, आणि सध्या एक शाळा, एक अभ्यासिका आणि एका पतसंस्थेची कागदपत्रं पाहतो. तुमचा राग मला पूर्ण समजते. माझंही एक खातं असंच एका सकाळी बंद झालं होतं, कारण सांगितलं नाही, 19 दिवसांनी आपोआप सुरू झालं, तेव्हाही कारण सांगितलं नाही. ते 19 दिवस मी विसरलो नाही.

पण तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत असं मला वाटते. तुम्हीच लिहिलं की खातं पहिल्या संगणक ऑपरेटर पोराच्या नावानं उघडलं होतं, तो पुण्याला गेला, लॉगिनचा कोड त्याच्या जुन्या सिमवर जातो आणि ते सिम आता बंद आहे. पाच-सहा जण वेगवेगळ्या फोनवरून तेच खातं वापरत होते. आता हे सगळं तुम्ही घरच्या सर्व्हरवर जसंच्या तसं नेलं तर तो सर्व्हरही तीन वर्षांनी असाच कोणाच्या तरी पासवर्डपायी अडकून बसेल. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्याकडे एकच प्रत होती. ती कोणाच्या मशीनवर होती हा नंतरचा प्रश्न, पण एकच होती.

म्हणून सर्व्हर घ्यायच्या आधी, आजच करायचं काम. ज्या ज्या फोनवर ते खातं सुरू होतं ते फोन गोळा करा आणि लॉगआउट करू नका. नेट बंद करून ती शीट उघडते का ते पाहा, ऑफलाइन ठेवलेली असेल तर फोनमध्ये राहिलेली असू शकते. नाही उघडली तरी स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवलेली एक्सेल फाइल, ऑडिटरला मेल केलेली प्रत, काट्याच्या कागदी पट्ट्या, यातून बरंच परत उभं राहते. त्या पुण्याच्या पोराला फोन करून तोच नंबर त्याच्या नावावर पुन्हा घेता येतो का ते विचारा. माझ्या पाहण्यात दोन जागी खातं अपिलानं सुटलं नाही, सिम परत मिळाल्यानं सुटलं.

आता मोठ्या कंपन्यांवरचा राग. तो बरोबरच आहे, आणि फक्त खातं बंद होण्यापुरता नाही. फुकट म्हणून सवय लावायची आणि मग नियम बदलायचे हे उघड होत आलं आहे. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फोटो फुकट ठेवता येत होते, ते 1 जून 2021 ला संपलं, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी. गूगल रीडर लोक रोज वापरत होते, 1 जुलै 2013 ला बंद केलं. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसायचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू झाला, म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे फोटो फक्त तिथंच असतील आणि घरच्यांनी खातं उघडलं नाही तर गेले. यात बेकायदेशीर काही नाही, आपण अटी मान्य केल्या होत्या. पण कास्तकाराच्या कंपनीनं आपल्या वह्या अशा जागी ठेवू नयेत जिथं अटी एकतर्फी बदलतात, हे माझं ठाम मत आहे.

ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही घेता-बदलता येतो अशा प्रोग्रॅमचं, मी लोकांना बियाण्यावरून सांगतो. कापसाचं संकरित बियाणं दरवर्षी पाकीट विकतच घ्यावं लागते, घरची सरकी पेरून तसं पीक येत नाही. सोयाबीन सरळ वाण आहे, घरचं बियाणं राखता येते, शेजाऱ्याला देता येते. ओपन सोर्स प्रोग्रॅम म्हणजे सोयाबीन. बनवणाऱ्यांचं आपसात पटलं नाही तरी ज्याच्याकडे बियाणं आहे तो पेरत राहतो. आपल्याच सर्व्हरवर फाइली ठेवायचा ओनक्लाउड नावाचा प्रोग्रॅम आहे, 2016 मध्ये त्याचे मूळ संस्थापक आणि बरेच प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि त्याच कोडवरून नेक्स्टक्लाउड काढलं. आपल्या मशीनवरचे व्हिडिओ-गाणी पाहायच्या एम्बी नावाच्या प्रोग्रॅमनं आपला कोड बंद करायचं ठरवलं तर 2018 च्या डिसेंबरात लोकांनी आधीच्या कोडवरून जेलीफिन सुरू केलं. वापरणाऱ्यांच्या फाइली जागेवरच राहिल्या, त्यांना फक्त प्रोग्रॅम बदलावा लागला.

पण घरच्या बियाण्याची उगवण आपल्यालाच पाहावी लागते, तिथं दुकानदाराकडे तक्रार नाही. सर्व्हर घरी आणला की रात्री लाईन गेली, डिस्क बसली, अपडेट फसलं, तर उठायचं आपणच. म्हणून मी कोणालाही सगळं घरी आणा म्हणत नाही. मी एकच विचारतो: ही गोष्ट किती तास बंद राहिली तर तुमचं काम अडेल?

तुमच्या यादीवर लावून पाहू. कार्यक्रमांचे फोटो चार दिवस दिसले नाहीत तरी कोणाचं नुकसान नाही, ते खुशाल घरी आणा. सभासदांचे सातबारे, आठ-अ, पासबुक, हे एखादा दिवस थांबू शकते, तेही घरी. मेल मात्र आणू नका. घरच्या कनेक्शनवरून पाठवलेली मेल बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये जाते किंवा घेतलीच जात नाही, घरगुती इंटरनेट पत्त्यांच्या याद्याच बनलेल्या आहेत आणि बरेच नेटवाले मेलचं 25 नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, बंदच ठेवतात. मी 2015 मध्ये आठ महिने घरून मेल चालवली आणि शेवटी पतसंस्थेचं एक पत्र वेळेवर न पोचल्यानं सोडली. मेलसाठी कंपनीच्या नावानं डॉट इन डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घ्या, त्याचे वर्षाचे थोडेसे पैसे भरा आणि पैसे घेणाऱ्या कोणत्याही बऱ्या मेलवाल्याकडे ते जोडा. डोमेन तुमचं असलं म्हणजे उद्या मेलवाला पटला नाही तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येते. संचालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुपही राहू द्या, लोक तिथं आहेत, त्यांना ओढून दुसऱ्या अॅपवर नेण्यात माझी दोन वर्षं गेली आणि कोणी आलं नाही. फक्त ग्रुपवर आलेली कागदं तिथंच राहू देऊ नका.

राहिली काट्याची शीट. खरेदीच्या दिवशी ती एक तासही बंद चालत नाही, बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, हमाल बसून, कोणाचा ओलावा 12 च्या वर आला म्हणून वाद सुरू. म्हणजे माझ्या नियमानं ती घरी आणू नये असं वाटेल, पण इथं उलटं आहे. तुमच्या गोडाऊनमध्ये नेटच जास्त वेळा जाते. शीट गोडाऊनच्याच लॅपटॉपवर असली आणि बाकीचे फोन त्याच खोलीतल्या वायफायवरून ती पाहत असले तर बाहेरचं नेट असो नसो, काटा चालू राहते. त्यासाठी लिब्रेऑफिस (एक्सेलसारखी शीट चालवणारा फुकटचा प्रोग्रॅम) आणि सांबाचं, म्हणजे एका मशीनचं फोल्डर त्याच वायफायवर दुसऱ्यांना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं, साधं शेअर्ड फोल्डर पुरते. लिहिणारा एकच ठेवा, बाकीच्यांनी फक्त पाहायचं. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की गोंधळ होते. आणि दर दोन तासांनी एक प्रिंट. कागद अजूनही सगळ्यात भरवशाचा.

आता मशीन. 25 हजारात नवीन सर्व्हर शोधू नका. जुना ऑफिसमधला लॅपटॉप घ्या, सेकंडहँड, 8 जीबी रॅम, एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क), बॅटरी बऱ्यापैकी. लॅपटॉप काहून? कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे, लाईन गेली तरी तो पडत नाही, आणि आपल्याकडे अर्धी दुखणी अचानक बंद पडल्यानंच होतात. दुसरं बिल. रिकामा चालणारा लॅपटॉप 15 वॅटच्या आसपास घेते, म्हणजे दिवसाला 0.36 युनिट, महिन्याला 11 युनिट. जुना डेस्कटॉप 70 वॅट घेत असला तर महिन्याला 50 युनिट होतात. बॅटरी सदा 100 टक्क्यांवर राहिली तर फुगू शकते, म्हणून 80 वर थांबवायची सेटिंग असलेलाच लॅपटॉप पाहा, झाकण लावल्यावर झोपायची सेटिंग बंद करा. एक लक्षात ठेवा, बॅटरी पूर्ण संपून बंद पडला तर लाईन आल्यावर आपोआप सुरू होणं सगळ्या लॅपटॉपात नसते, तुमच्यात आहे का ते घेतानाच विचारा. नसलं तर सकाळी बटण दाबायला माणूस लागेल. वायफायच्या डब्याला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस वेगळा लावा, डब्याच्या अॅडॉप्टरवर तेवढेच व्होल्ट लिहिलेत ना ते पाहून. उरलेल्या पैशात दोन एक्सटर्नल डिस्क, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्ही एकाच खेपेच्या घेतल्या तर सोबतच जाऊ शकतात. भाव वरखाली होत असतात, त्यामुळे आकडा सांगत नाही, पण पैसे कमी पडले तर लॅपटॉप हलका घ्या, डिस्कमध्ये काटकसर करू नका.

ठेवायची जागा मशीनइतकीच महत्त्वाची आहे, आणि हे शहरातले लोक सांगणार नाहीत. कापूस भरलेल्या खोलीत कधीच ठेवू नका. रूईचा बारीक तंतू पंख्यात जाऊन बसते, मशीन तापते, आणि एखादी ठिणगी पडली तर काय होईल ते तुम्हाला सांगायची गरज नाही. टिनाच्या छताखाली नको. मे महिन्यात बाहेर 45-46 असते, टिनाखाली त्याहून जास्त, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश लिहिलेली असते. चालू डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश तापते, करा हिशेब. मग लोक कूलरसमोर ठेवतात, तेही चूक. आपल्या बोअरचं पाणी खारं, त्या ओल्या हवेनं पोर्टांवर पांढरा थर चढते, माझे दोन वायफायचे डबे असेच गेले. मातीच्या भिंतीची किंवा जाड विटांची, उत्तरेकडची कोरडी खोली सगळ्यात बरी. गुढीपाडव्याच्या आसपास उघडून पंखा साफ करायचा, म्हणजे उन्हाळा निघून जाते. तारा जमिनीवरून नेऊ नका, उंदरं सोडत नाहीत.

आणि अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकून जाते, आणि नेमक्या त्याच वेळी मृगाच्या आधीच्या विजा सुरू होतात. मे पासून खड्ड्यात आठवड्याला पाणी घाला. फायबर काचेचं असते, त्यातून झटका येत नाही, पण डब्याच्या वीजतारेतून आणि छतावरून नेलेल्या लॅन केबलमधून येते. ढग गडगडायला लागले की प्लग काढून टाका, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहील. हे एवढं साधं काम मी ज्या दिवशी केलं नाही त्या दिवशी तीन वस्तू गेल्या.

बाहेरून कसं उघडायचं? तुमच्या नेटवाल्यानं बहुतेक इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक घरांना वाटून दिला असेल. राउटरच्या, म्हणजे वायफायच्या डब्याच्या, सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यामध्ये सुरू होत असला तर तसंच समजा, बाहेरून थेट तुमच्यापर्यंत पोचता येणार नाही. त्यासाठी झगडू नका. टेलस्केल लावा, ते तुमच्या मशीन आणि फोन आपसात खाजगी रस्त्यानं जोडते. त्याचा फुकटचा प्लॅन आहे आणि आतून ते वायरगार्ड नावाची कुलूपबंद जोडणी वापरते, जी 2020 पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. पुढं त्यांच्याही अटी बदलल्या तर हेडस्केल नावाचा ओपन सोर्स पर्याय आहे. यात तुमचा सर्व्हर जगाला दिसत नाही, फक्त तुम्ही जोडलेल्या पाच-सात फोनांना दिसते. सभासदांचे कागद असलेली मशीन उघड्या इंटरनेटवर ठेवूच नका, कोणी यूट्यूब पाहून पोर्ट उघडायला सांगितलं तरी.

प्रोग्रॅम कमी ठेवा. खाली विंडोजच्या जागी डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, कारण एक आवृत्ती तीन वर्षं नीट आणि पुढं दोन वर्षं अजून सांभाळली जाते. पहिले सहा महिने फक्त सिंकथिंग (दोन मशीनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम) आणि ते सांबाचं फोल्डर, बस. ते जमलं की फोटोंसाठी इमिच, मग नेक्स्टक्लाउड. नेक्स्टक्लाउडमध्ये एक अडचण आहे, त्याच्या मोठ्या आवृत्त्या एकेक करून चढाव्या लागतात, मधली उडी मारता येत नाही, म्हणून दोन वर्षं हात न लावता ठेवलं तर पुढं फार त्रास होते. ज्याला महिन्यातून एक संध्याकाळ देता येत नाही त्यानं ते बसवूच नये.

आता बॅकअप. ताई, हे मी सगळ्यात जीव लावून लिहून राहिलो. 2017 मध्ये शाळेचा बॅकअप मी रोज रात्री दोन वाजता लावला होता, रोज सकाळी यशस्वी असा मेसेज येई. सात महिन्यांनी मूळ डिस्क गेली, मी निवांत होतो, बाहेरची डिस्क उघडली तर त्यावर सात महिन्यांपूर्वीचंच. झालं असं की एकदा लाईन जाऊन आल्यावर ती डिस्क सिस्टमला जोडलीच गेली नव्हती, तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मात्र तिथं होता, आणि बॅकअप रोज त्याच रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, जात होता. सात महिन्यांचे पोरांचे निकाल शिक्षकांनी परत हातानं भरले. एकाही शिक्षकानं मला वाकडा शब्द बोलला नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

तेव्हापासून मी बाहेरच्या डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवतो, ती दिसली नाही तर बॅकअप सुरूच होत नाही आणि फोनवर ओरडते. आणि उगवण चाचणी करतो. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायच्या आधी आपण ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवतो, 70 उगवले तर पेरायचं. बॅकअपचं तेच. दर महिन्याला कोणत्याही दहा सभासदांची नावं काढायची आणि त्यांचे कागद मूळ मशीनवरून नाही, बॅकअपवरून उघडून पाहायचे. इथं मात्र दहापैकी दहा उगवले पाहिजेत, नऊही चालत नाहीत.

प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपवर, एक शेजारच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. तिसरीसाठी रेस्टिक नावाचा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरा, ते कुलूप लावूनच प्रत ठेवते, त्यामुळे डिस्क कोणाच्या घरी असली तरी त्याला वाचता येत नाही. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून कंपनीच्या कपाटात, नाहीतर ती प्रत तुमच्याही कामाची नाही. तुमचे फोटो 60 जीबी असतील तर 5 एमबीपीएसच्या अपलोडनं पहिली प्रत जायला 27 तास लागतील, तेही नेट न तुटता. त्यापेक्षा डिस्क पिशवीत टाकून एसटीनं घेऊन जा, पुढं रोजचं थोडंथोडं नेटवरून जाईल. आणि खरं महत्त्वाचं किती आहे तेही मोजा. 400 सभासद, प्रत्येकाचे तीन-चार कागद, एकेक एमबीचे, सगळे मिळून दीड जीबी. जे गेल्यानं तुमची झोप उडाली ते एका पेनड्राइव्हवर बसते.

आधारच्या प्रतींबद्दल वेगळं सांगतो. लागत नसतील त्या पुसून टाका, लागतातच तर पहिले आठ अंक झाकलेला मास्क्ड आधार घ्या. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, सर्व्हर कोणाचाही असो, सभासदांच्या कागदांची जबाबदारी तुमचीच. मोठ्या कंपनीवर ढकलता येणार नाही.

माणसांचं मात्र तुमच्यावर अवलंबून आहे, ते मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे मशीनला हात लावणारी किमान दोन माणसं पाहिजेत, त्यातलं एक गावात राहणारं, लवकर बाहेर न जाणारं. बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या बाया यात पोरांपेक्षा पक्क्या असतात हे मी आमच्या अभ्यासिकेत पाहिलं, कारण त्या लिहून ठेवतात. एक वही करा, सगळे पासवर्ड, कोणती तार कुठं, बंद पडलं तर पहिले काय करायचं. अशी दोन माणसं नसतील तर सर्व्हर पुढच्या वर्षी घ्या, आत्ता फक्त कंपनीच्या नावाचं डोमेन, कंपनीच्या नावाचं सिम, आणि दोन डिस्क. तेवढ्यानंही तुमचं आजचं दुखणं परत येणार नाही.

आत्ता एवढं करा. फोन गोळा झाले का, शीट ऑफलाइन उघडली का, आणि पुण्याच्या पोराचं सिम परत मिळते का, ते लिहा. आणि गोडाऊनमध्ये गावठाण फिडरची लाईन आहे की शेतीच्या फिडरची तेही सांगा. शेतीची, म्हणजे ठराविक तासच मिळणारी, असली तर लॅपटॉप तिथं ठेवायचाच नाही, मग वेगळा विचार करावा लागेल.